मीठ उपसणारा राखणदार

फार फार पूर्वी, कुणाच्या पणजीलाही आठवणार नाही अशा काळी, एक गाव होतं. गाव इतकं इवलंसं की मोहरीच्या एका दाण्यावर तसली हजारो गावं मावली असती. पण गाव म्हटलं की सगळं आलंच. तिथेही कोठार होतं, चूल होती, भांडणं होती आणि माया होती.

गावाच्या चहूबाजूंना खारं पाणी आणि गाव न् पाणी यांच्यामध्ये एक भिंत. दगडविटांची नव्हे हो! दुधावरच्या सायीसारखी मऊ, स्निग्ध, पातळ. साखरेला दारातूनच आत घ्यावं लागे. पाणी मात्र कुणाला न विचारता झिरपायचं. मीठही फटींमधून चोरपावलांनी आत शिरायचं. पाण्याला मिठाची भारी ओढ. मीठ जिथे साठेल तिथे ते मागोमाग जायचं.

गावची चूल एका काकूंच्या हाती होती. आलेल्या साखरेच्या त्या गोड भाकऱ्या भाजायच्या आणि गावभर वाटायच्या. तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ. गावात कुणी उपाशी झोपलेलं त्यांना खपत नसे.

त्यांना एकच माणूस कळत नसे, तो म्हणजे भिंतीवरचा राखणदार. तो यायचा, भाकरी खायचा, जायचा आणि पुन्हा यायचा. गावात भाजलेल्या तीन भाकऱ्यांतली एक त्या एकट्याच्या पोटात जायची.

एकदा काकूंनी त्याला धरलाच. "काय रे, एवढं खाऊन करतोस तरी काय?"

"मीठ बाहेर टाकतो, काकू. आणि येताना रिकाम्या हाताने येत नाही, गावाला लागणारा दुसरा क्षार आत आणतो."

"मीठ तर काल टाकलं होतंस ना?"

"हो. आज परत आलं."

"आणि उद्या?"

"उद्याही येईल."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, मग हे काम आहे की पोरखेळ? कोठार बांधणाऱ्यांचं कोठार तरी दिसतं. तुझं काय दिसतं?"

राखणदार हसला. तो परत मीठ उपसायला गेला. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी त्याची भाकरी बंद केली आणि ती बांधकाम करणाऱ्यांना दिली. वाईट वाटलं त्यांना, पण गावाचं भलं होतंय असं त्यांनी मनाला समजावलं.

पहिल्यांदा कुणाला काही जाणवलं नाही. मग चुलीखालची राख ओली झाली. अंगणात पाणी आलं. मीठ आत साठत होतं आणि त्याच्यामागून पाणी येत होतं. गाव फुगायला लागलं. भिंत ताणून ताणून इतकी पातळ झाली की तिच्यातून पलीकडचं दिसू लागलं.

"काकू, भिंत फाटणार!" लोक ओरडले. भिंत फाटली की गाव संपलंच.

काकूंना राखणदाराचं मीठ आठवलं आणि त्या चुलीकडे धावल्या. पीठ सगळं भिजलेलं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याची एक भाकरी तेवढी शिल्लक होती. ती पदराखाली झाकून त्या पाण्यातून धडपडत भिंतीपाशी गेल्या. इतक्या वर्षांत तिथे त्या पहिल्यांदाच येत होत्या.

राखणदार भिंतीला टेकून बसला होता. मुठीत मीठ होतं, पण हात उचलवत नव्हता.

"काकू, रागावू नका," तो म्हणाला. "आज एवढीशी मूठही जात नाही हो बाहेर."

काकूंना रडू कोसळलं. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक घास त्याला भरवला. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर तो उठला. एक मूठ बाहेर गेली, मग दुसरी. मीठ निघालं तसं पाणीही त्याच्यामागून निघालं. भिंत सैल पडली आणि गावाचा जीव भांड्यात पडला.

काकू परत येऊन चुलीपुढे बसल्या. कालच्या भाकऱ्यांची दुरडी रिकामी होती. जन्मभर भाकऱ्या थापल्या, पण दाखवायला त्यांच्याकडे एकही उरली नव्हती. त्यांनी दारातून नवी साखर घेतली आणि पुन्हा चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी राखणदार दारात उभा राहिला. "काकू, मीठ परत आलंय," तो ओशाळून म्हणाला.

"येणारच रे बाबा. माझीही दुरडी परत रिकामी झालीय," काकू म्हणाल्या आणि सगळ्यांत मोठी भाकरी त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबाबांनो, तसली असंख्य गावं, म्हणजे पेशी, तुमच्याआमच्या अंगात आहेत आणि प्रत्येक गावाच्या भिंतीवर असे राखणदार आत्ता, या क्षणीही मीठ उपसत आहेत. तुम्ही पोटभर जेवता ना, त्यातले काही घास त्यांचे असतात.

तात्पर्य: ज्या कामाचं मागे काही उरत नाही, त्याच कामावर घर उभं असतं, ते करणाऱ्याची भाकरी कधी तोडू नये.