घाटाचा चौथा अर्थ

एका राज्यात एक डोंगर होता आणि त्या डोंगराला वाट नव्हती. बारा वर्षांपूर्वी होती, पण एकाच दिवसापुरती. राजा चित्रभानूने चाळीस पाथरवट लावून तीन वर्षे घाट खोदवला. ज्या दिवशी शेवटचे वळण पुरे झाले, त्याच दिवशी डोंगर मिटला. चाळीसही जण आत राहिले.

त्याच घटकेला नदीच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. कुंभारांच्या चाकावरची मडकी घाट धरीनात. जे चढवावे ते ढासळून चिखल होई. आणि जो कोणी घाट हा शब्द उच्चारी, त्याच्या तोंडात माती येई. लोकांनी तो शब्द सोडून दिला. समुद्राकडचे मीठ येईनासे झाले, तेही लोकांनी अंगवळणी पाडून घेतले. राजाने दवंडी पिटवली की डोंगरातल्या जोगिणीने शाप दिला आहे, आणि त्या चाळिसांना तिनेच गिळले आहे.

त्या चाळिसांत हैबती नावाचा एक पाथरवट होता. गवरा त्याची बायको. तो गेला तेव्हा ती विशीची होती. दर वर्षी राजवाड्यातून तिला लुगडे येई. अकरा वर्षे तिने ते मुकाट घेतले. बाराव्या वर्षी ते हातात धरून ती दरबारात गेली आणि म्हणाली, आता वस्त्र नको, जोगिणीकडे जायची परवानगी हवी. राजाने खूप समजावले. शूर शूर सरदार जाऊन तोंडात माती घेऊन परतले, असे सांगितले. पण भरल्या दरबारात एका विधवेला नाही कसे म्हणावे? त्याने होकारार्थी मान हलवली.

डोंगराच्या पायथ्याशी एका धोंड्यावर टिटवी बसली होती. तिने गवराला सांगितले की जोगीण तीन कामे सांगेल आणि तिन्ही खरी असतील. पण काम झाल्यावर लगेच घरी पळू नकोस.

जोगीण गुहेच्या तोंडाशी बसली होती. तिचे केस धुक्याचे होते.

"शाप माझाच," ती म्हणाली. "शब्द मी काढून घेतला. परत हवा असेल तर त्याचे अर्थ एकेक करून मिळव."

पहिले काम डोंगर चढण्याचे. वाट नव्हती, गवराने नवऱ्याची छिन्नी काढली आणि पावलापुरती खाच खोदत गेली. सातव्या दिवशी ती माथ्यावर पोचली. पलीकडे समुद्र दिसला. इतकी सुंदर गोष्ट बघायला सोबत कुणी नाही, याचा तिला राग आला.

दुसरे काम बुडालेल्या पायऱ्या वर आणण्याचे. ती नदीत कमरेइतकी उभी राहिली आणि त्या पायऱ्यांवर कोण कोण बसून गेले ते आठवू लागली. धुणे धुणारी सासू, पहिलटकरीण जाऊ, बापाच्या अस्थी घेऊन आलेला शेजारी. एकेका नावासरशी एकेक पायरी पाण्याबाहेर आली.

तिसरे काम घाट देण्याचे. जोगिणीने तिच्यापुढे काळा दगड टाकला. गवरा त्याला घागरीचा आकार देऊ गेली, पण हात ऐकेनात. हैबती झऱ्यावर पाणी प्यायला जशी ओंजळ करी, तशीच ओंजळ त्या दगडातून निघाली. तीत पाणी ठरले.

गवराने हरखून शब्द उच्चारला. तोंडात माती आली.

टिटवीचे बोलणे आठवून ती तिथेच बसली आणि तिने विचारले, काय राहिले?

"चौथा अर्थ," जोगीण म्हणाली. "तो राजाकडे आहे. घाट पुरा झाला त्या दिवशी त्याने त्या चाळिसांना जेवायला बसवले, आणि वरून दरडी लोटल्या. वाट ठाऊक असलेली माणसे शत्रूला फितूर होतील, ही त्याची भीती. मी कुणाला गिळले नाही पोरी. ते उघड्यावर पडले होते. मी त्यांच्यावर डोंगर ओढून घेतला."

गवरा रडली नाही. उठली आणि चालू लागली.

दरबार भरला होता. तिने पाण्याने भरलेली दगडी ओंजळ राजापुढे ठेवली.

"महाराज, या शब्दाचे तीन अर्थ मी आणले. चौथा आपण सांगावा."

राजा हसून म्हणाला, घाट म्हणजे डोंगरातली वाट, आणखी काय. त्याच्या तोंडात माती आली. तो म्हणाला, घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या. आणखी माती आली. घाट म्हणजे आकार, असे म्हणता म्हणता त्याचा घसा भरला आणि डोळे बाहेर आले. वैद्य धावले, गवराने त्यांना हाताने थांबवले. राजाने ओंजळीतल्या पाण्याने चूळ भरली आणि मान खाली घातली.

"मी त्यांना मारण्याचा घाट घातला," तो म्हणाला.

या वेळी माती आली नाही. दूर डोंगर उघडल्याचा आवाज दरबारात सर्वांनी ऐकला.

शाप उतरला. नदीचा घाट कोरडा झाला, मडकी घाट धरू लागली. चित्रभानूने मुकुट उतरवून धाकट्या भावाला दिला आणि तो अरण्यात गेला. महिनाभरात मिठाचे बैल डोंगर उतरून आले.

शेवटच्या वळणावर चाळीस सांगाडे पंगतीला बसल्यासारखे मिळाले. गवरा त्या रांगेतून तीनदा फिरली. यांतला हैबती कोणता, ते तिला ओळखता आले नाही. मग तिने चाळिसांनाही आपले मानून अग्नी दिला, आणि त्याच वळणावर झोपडी बांधून राहिली.

येणारे जाणारे तिथे विसावत आणि विचारत, बाई, एवढा सुरेख घाट कुणी हो बांधला? गवरा नावे सांगायला लागे. सहा-सात नावे होईतो बैल उठत, माणसे आपल्या वाटेला लागत. ती थांबत नसे. रिकाम्या वळणाला ती चाळीसही नावे सांगून पुरी करी.