सावरटोकची कोरडी भिंत

सावरटोकच्या या बंद खाणीत चहूकडून पाणी पाझरतं. तोंडाशी घटकाभर उभं राहिलं तरी सदरा ओलसर होतो. फक्त ही उगवतीकडची भिंत कोरडी. हात लावून बघा.

साहेबाच्या काळी खाणीत एक शब्द होता, डँप. आज इंग्रजीत त्याचा अर्थ ओल. पण तो मूळचा वाफेचा शब्द, असं इथं येऊन गेलेल्या एका मास्तरांनी सांगितलं. खाणीतल्या मारक हवेलाही साहेब लोक डँपच म्हणत. ओल हा अर्थ मागाहून आला. आमच्या म्हाताऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की त्या हवेत आधी दिवा विझतो, मग माणूस. म्हणून माणसाआधी दोराने दिवा सोडायचा.

एका सकाळी दिवा विझून वर आला. उतरायची पाळी लाडकूची होती. त्याचा धाकटा भाऊ सोमा म्हणाला, "मुकादम, खाली डँप हाय."

मुकादम हसला म्हणे. "का बे सोमा, भावाले पदरात बांधून ठेवतं का? भिंतीचं पानी पडलं वातीवर. उतर रे लाडकू!"

लाडकू उतरला. दोर एकदा हलला, मग हललाच नाही.

तेव्हा सोमाने दिव्याची वात चिमटीत धरली. तेलाने माखलेली, पाण्याचा टिपूसही नाही. आधी का नाही पाहिली? त्याने दिवा मुकादमाच्या छातीवर फेकला. "भिंतीवर आळ घेतला तुनं! आता हुकूम देनारा आधी उतरंल, मंगच आमी."

भिंतीलाही तो आळ सोसला नाही, असं सांगतात. त्याच दुपारी ती आटली.

मागच्या चैत्रात एका ठेकेदाराने माझ्या दादाला परगावी विहिरीचा गाळ काढायला उतरवलं. दिवा सोडलाच नाही. वर आलं ते दादाचं प्रेत. ठेकेदार म्हणाला, शेवाळावरून पाय घसरला. एवढ्या खोल पडलेल्या माणसाच्या अंगावर साधा ओरखडा नसतो?

आजही सावरटोकात हुकूम देणाऱ्यानेच आधी उतरायचं असतं. परवा तोच ठेकेदार माणसं मागायला आला. मी दोर त्याच्या हातात दिला. म्हटलं, "चाला भाऊ, आधी तुमी."

दोर टाकून तो गाडीत बसला. गावातला एकही माणूस त्याच्यामागे गेला नाही.