एकवीस मार्चची कोरी ओळ

"पण बाबा, तो खोटं बोलूच शकत नाही. मग त्याला दार उघडायला काय हरकत आहे?"

पळसगावकर बाबा पोथीच्या रुमालाची घडी घालत होते. कोपऱ्याला कोपरा लावून, अगदी सावकाश.

निनादला ती घडी बघवेना. तो पुण्याहून दोन गाड्या बदलून आला होता, पूर्णेच्या काठावरच्या या महानुभाव आश्रमात, आणि गेला तासभर एकटाच बोलत होता. आल्या आल्या त्यानं आपला साधा नमस्कार केला, तर ऐंशीच्या घरातला हा माणूस 'दंडवत प्रणाम' म्हणत त्याच्यापुढं सरळ वाकला. इथं सगळे सगळ्यांपुढं वाकतात म्हणे. निनाद इतका गडबडला की उलट वाकायचं राहूनच गेलं.

मग बाबांनी विचारलं होतं, "याआधी आला होतास का?"

"नाही, पहिल्यांदाच," तो म्हणाला होता.

आता बघायला गेलं तर हे खरंच होतं. त्याचे पाय इथं पहिल्यांदाच लागत होते.

काम साधं होतं. निनाद शेटेच्या कंपनीला जुन्या मराठीतले शब्द समजणारं यंत्र बनवायचं होतं, आणि जुनी मराठी कुठं होती, तर या आश्रमाच्या वेबसाइटवर. बाबांनी चौदा वर्षं बसून पोथ्यांची पानं टाईप करून घेतली होती. पण साइटच्या दारात एक कोडं होतं. नऊ चौकोनांतून सिग्नल असलेले चौकोन निवडा, मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, मगच आत. निनादचा बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप साइटी उघडून वाचणारा प्रोग्रॅम, दारातच अडत होता. साहेब रोज विचारायचे, पळसगावचं काय झालं. पळसगाव झालं नाही तर निनादचं हे सगळं काम दुसऱ्याकडं जाणार होतं.

म्हणून त्यानं बॉटला शिकवलं होतं. सही करायला.

"परत सांग," बाबा म्हणाले. "हळू."

निनाद खुलला. हे त्याचं आवडतं. तो मांडी बदलून पुढं सरकला आणि सांगत सुटला की दोन किल्ल्या असतात, एक लपवलेली, एक उघडी. लपवलेली फक्त आपल्याकडं. तिनं त्याचा बॉट दर वेळी दार वाजवताना सही करतो. उघडी किल्ली जगाला वाटलेली. ती लावून तुम्ही तपासायचं, सही त्याचीच आहे की कुणी नक्कल करतंय. नक्कल होतच नाही. आणि भारी गोष्ट म्हणजे सहीवर वेळ असते. पाच मिनिटांत सही शिळी. कालची सही आज चालत नाही, आजची सही कालच्या तारखेनं करता येत नाही.

"नाव काय त्याचं?"

"वाचक."

"बरं ठेवलंस."

निनादनं पाकिटातून कागद काढला. वाचकाची उघडी किल्ली, छापून आणलेली. ही तेवढी तुमच्या साइटवाल्याला द्यायची, मग कोडं फक्त इतरांना, वाचकाला दार उघडं.

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला आणि ते ती किल्ली वाचायला लागले. खरोखर वाचायला. अक्षरावर बोट ठेवून, एकेक आकडा, एकेक इंग्रजी अक्षर, पोथी वाचतात तशी. अर्धी ओळ झाल्यावर थांबले.

"याचा अर्थ काय?"

"अर्थ काही नसतो बाबा. ती ओळख आहे."

"अर्थ नाही… ओळख आहे."

निनादला हसू आलं, पण बाबा हसत नव्हते. मग त्यानं ठेवणीतलं काढलं. म्हणाला, तुम्हाला तर हे आमच्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे. तुमच्या पंथानं शेकडो वर्षांपूर्वी पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. आमच्या ऑफिसात मी हे सांगतो तेव्हा पोरं वेडी होतात.

"चांगलं कुलूप होतं," बाबा म्हणाले.

"जबरदस्त होतं."

"इतकं चांगलं की ग्रंथ मराठीत, माणूस मराठी, आणि पिढ्यान् पिढ्या त्याला आत येता आलं नाही." त्यांनी घडी घातलेला रुमाल पुन्हा उलगडला. "मी ठरवलं होतं, माझ्या हातून कुलूप लागायचं नाही… लागलं."

"ते कोडं?"

"ते कोडं. आमच्या पळसगावात सिग्नल नाही. पहिल्या दिवशी मलाच दोनदा बाहेर ठेवलं त्यानं."

निनाद हसला. या वेळी बाबाही हसले, थोडंसं. मग त्यांनी भागुबाईची गोष्ट सांगितली.

भागुबाई पलीकडच्या कुऱ्हा गावची. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. लेकीनं फोन घेऊन दिला, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा. रोज दुपारी भांडी झाली की ती साइट उघडायची आणि एक पान ऐकायची. एकच. दुसरं उद्याला. तीन वर्षं हे चाललं. मग दारात कोडं आलं. फोन तिला सांगायचा, चित्र, चित्र, चित्र, नऊ वेळा. कोडं ऐकायचीही सोय होती, पण ती इंग्रजीत.

"तिनं मला फोन केला," बाबा म्हणाले. "म्हणाली, बाबा, मी माणूस हावो हे त्याले कसं सांगू?"

…

निनादनं चहाचा कप उचलला. रिकामा होता. परत ठेवला.

त्यानं विचारलं की मग कोडं काढून का नाही टाकलं. बाबांनी सांगितलं, एकदा काढलं होतं. दोन दिवसांत साइट पुन्हा बसली. अमरावतीचा साइटवाला हात जोडून म्हणाला, बाबा, बाहेर मुखवटे घालून किती जण उभे आहेत तुम्हाला माहीत नाही. मग बाबांनी स्वतः फोनवर तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी भागुबाईच म्हणाली, तुमचा आवाज बसला, राहू द्या. त्यानंतर तिनं फोन सुनेला देऊन टाकला. जे दार आपल्याला ओळखत नाही तिथं रोज काय जायचं, असं म्हणाली म्हणे.

"म्हणजे आता," बाबांनी कागदाकडं बोट केलं, "वाचक आत येईल."

"हो."

"आणि भागुबाई?"

निनादच्या तोंडात उत्तर तयार होतं. माणसांसाठी वेगळी पद्धत असते, तिच्यावर काम चालू आहे, एकदोन वर्षांत… ते त्याला बोलवेना.

"तिच्याकडं किल्ली नाही ना," तो एवढंच म्हणाला, आणि आपणच काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून. कोनाड्यातून त्यांनी लाल कापडी बांधणीची जाड वही काढली. पोथी वाचायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहायचं, ही आश्रमाची जुनी रीत. साइट झाल्यावरही बाबांनी ती सोडली नव्हती. भागुबाईसारखे मोजके लोक नाव सांगून यायचे, त्यांची नावं. बाकीच्यांना 'एक वाचक, नागपूर', 'एक वाचक, परभणी'. सगळं शाईच्या पेनानं.

त्यांनी पान उघडून निनादपुढं ठेवलं. एकवीस मार्च.

अकरा ओळी होत्या. सातवी भागुबाईची. आणि अकरावीच्या खाली एक ओळ कोरी. त्याच्याखाली रेघ, आणि रेघेखाली 'चार दिवस बंद, मग कोडं'.

"त्या दुपारी कुणीतरी येऊन गेलं," बाबा म्हणाले. "साइटवाला म्हणाला, चाळीस हजार जण आले. नाशिकची बाई, दिल्लीचा माणूस, कुठकुठले. मी म्हटलं, चाळीस हजार माणसं पळसगावला यायची नाहीत. हा एकच आहे, त्यानं नाव सांगितलं नाही… सांगेल कधीतरी. ओळ सोडून ठेवली."

बाहेर कुणीतरी विहिरीवर बादली आपटली.

निनादला ती दुपार आठवत होती, हेच वाईट होतं. वाचकाच्या आधीचा तो बॉट, त्याला नावच नव्हतं. निनादनंच त्याला शिकवलं होतं दर वेळी वेगळा माणूस म्हणून जायला. पोरांनी पैजा लावल्या होत्या, साइट किती मिनिटं टिकते. सत्तावन्न मिनिटं टिकली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो समोसे आणायला खाली गेला. अर्धीच पानं हाती लागली होती. उरलेल्या अर्ध्यांसाठी आज तो इथं बसला होता.

पुण्याहून निघताना त्याला वाटलं होतं की आता बॉट खरं बोलतोय म्हणजे मागचं मिटलं.

"बाबा…"

बाबा रुमालाची घडी घालत होते.

"बाबा, तो मी होतो."

घडी थांबली नाही. कोपऱ्याला कोपरा लागला, मधली चुणी बोटानं सारखी झाली. मग बाबांनी खिशातलं पेन काढून वहीवर ठेवलं.

निनादनं त्या कोऱ्या ओळीवर नाव लिहिलं. नुसतं निनाद नाही, निनाद विलास शेटे, रा. बाणेर, पुणे. किती महिन्यांनी हातानं लिहीत होता कोण जाणे, अक्षर शाळेतल्यासारखं आलं. त्यापुढं सही केली. सहीखाली तारीख घालायला पेन टेकवलं, आणि ते तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"बाबा, तारीख कुठली घालू?"

मग तो स्वतःच हिशेब करायला लागला.

"आजची घातली तर या पानावर ती खोटी. त्या दिवशीची घातली तर… तर सहीच खोटी." आवाज त्याचाच होता, पण तासाभरापूर्वी बोलत होता तो मुलगा त्यात नव्हता. "मागच्या तारखेनं सही करता येत नाही, बाबा."

बाबांनी वाचकाच्या किल्लीचा तो कागद उचलला, दोनदा दुमडला, आणि खुणेसाठी ठेवतात तसा एकवीस मार्चच्या पानात ठेवून वही मिटली.

"मग कुणाला विचारू?" निनाद म्हणाला.

"कुऱ्ह्याची गाडी तीनला आहे. भागुबाईला विचार."

निनाद उठला. दारापाशी आठवण झाली तसा मागं वळला, आणि आल्यावर राहून गेलेला दंडवत घातला, नीट, कपाळ जमिनीला टेकवून. बाबाही वाकले.

"आणि तोंडानं विचार," वाकल्या वाकल्याच ते म्हणाले. "तिला सही दिसत नाही."