जातोच आहेस तर

चूक म्हाताऱ्यांची होती, हे आधीच सांगतो. फार वर्षांपूर्वी एका व्हिडिओ गेममधल्या जंगलात एक मुंगूस राहायचा. त्याच्या धाकट्या भावाला साप चावला. विष उतरवणारी मुळी डोंगरापलीकडे होती आणि वेळ फक्त सूर्य मावळेपर्यंत होता.

मुंगूस थैली घेऊन पळत सुटला, तर घोरपड आजी आडवी आली. "जातोच आहेस तर माझा पाटा तेवढा बहिणीकडे पोचव."

"आजी, भाऊ मरतोय!"

"तुम्हा पोरांना सारखी घाई. एवढंसं तर काम!"

पुढे कासव आजोबांनी शिंपल्यांचं गाठोडं दिलं, साळिंदर काकूंनी फुटकी घागर. नाही म्हणायची सोयच त्या गेममध्ये ठेवली नव्हती. तोंडात धरूनही काही नेता येत नसे, सगळं थैलीतूनच.

डोंगरापलीकडे मुळी सापडली. थैली म्हणाली, "जागा नाही रे."

"मग पाटा फेक."

"मोठ्यांची वस्तू आहे. पोचवल्याशिवाय माझ्यातून निघत नाही."

मुंगूस रडतच दोन ओढे ओलांडून आजीच्या बहिणीकडे गेला. तिने पाटा उलटासुलटा करून पाहिला. "आता कुठे वाटण करते मी? बरं, ठेव कोपऱ्यात."

तो परत डोंगरावर आला, मुळी थैलीत घातली आणि धावत घरी पोचला, तेव्हा अंधार पडला होता. बिळाबाहेर सगळे म्हातारे जमले होते. कासव आजोबा म्हणाले, "जरा लवकर निघायचं होतंस, बाळा."

मुंगसाला एकच भाऊ होता. तो मेला.