साहेबांच्या सहीला साक्षीदार

परदेशात न्यायच्या दाखल्यांवर सही-शिक्का करायला सरकारने डोईफोडेसाहेबांना बसवलं होतं. साहेब त्यातलं बसायचं काम तेवढं चोख करत.

उरणची मंदा घरत आठवडाभर त्यांच्या कचेरीत खेटे घालत होती. तिला मस्कतला नर्सची नोकरी लागली होती. लेकाच्या जन्मदाखल्यावर साहेबांची सही झाली नाही, तर दोन वर्षांच्या पोराला मागे ठेवून जावं लागणार होतं.

शेवटी एकदाचा साहेबांनी दाखला हातात घेतला. "यावर नगरपालिकेच्या निबंधकांची सही दिसते. ती त्यांचीच कशावरून?"

"शिक्का आहे ना, साहेब."

"शिक्के काय, बाजारात मिळतात. त्यांना सही करताना डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणा, मग बघू."

मंदा शांतपणे म्हणाली, "आणते. पण साहेब, उद्या वकिलातीतही हेच विचारतील, डोईफोडेसाहेबांची सही खरी कशावरून? तेव्हा साक्षीदार कुठून आणू? आठवडाभर रांगेत बसून सगळ्यांशी ओळख झाली. पण तुम्हाला सही करताना पाहिलेला एकही माणूस मला भेटला नाही."

दार उघडंच होतं. रांगेत हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिरीमिरीत पेन उचललं, दाखल्यावर सही ठोकली आणि शिक्का आपटला. "घ्या. पाहिलंत ना आता?"

"मी पाहिलं," दाखला पर्समध्ये ठेवत मंदा म्हणाली.

दारातल्या म्हाताऱ्या शिपायाने लगबगीने पुढच्या माणसाचा कागद साहेबांसमोर सरकवला. "साहेब, मला तिथून नीट दिसलं नाही. आणखी एकदा करता का?"