पंखाआडची गाठ

मुलांनो, नदीच्या वळणावर जे दाट जंगल आहे, त्यात एका जांभळाच्या ढोलीत एक खार राहत असे. तिला तीन पिल्ले होती. ढोलीचे तोंड उत्तरेकडे होते आणि ते जरा जास्तच मोठे होते. मागच्या थंडीत तिचे धाकटे पिल्लू महिनाभर खोकत होते. खार त्याला पोटाशी धरून बसायची, पण एका पोटाशी तीन पिल्ले किती वेळ मावणार? म्हणून यंदा तिने ठरवले, थंडी पडायच्या आत पिल्लांसाठी एक गोधडी शिवायची. स्वतःच्या हातांनी शिवायची.

सामान काही लांबून आणायचे नव्हते. पळसाखाली पाने होती. साळिंदराने वाटेत टाकलेला काटा सुई म्हणून चालण्यासारखा होता. घायपाताचे पान ठेचले की आतून लांब धागे निघत. आणि उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटली, तेव्हा खारीने वेचून ठेवलेला कापूस ढोलीच्या कोपऱ्यात होताच. नव्हते ते एकच. शिवायचे कसे, हे तिला ठाऊक नव्हते.

त्या जंगलात शिवण शिकवणारा एकच होता, तो म्हणजे शिंपी. अंगठ्याएवढा तो पक्षी, पण पानाला पान जोडून असे घरटे करी की पाहणाऱ्याला वाटे, झाडालाच ते असे आले आहे. कवठाच्या झाडाखाली त्याची शाळा भरे. सगळे त्याला गुरुजी म्हणत. पाणवठ्यावर तो आला की मोठमोठे प्राणी बाजूला होऊन त्याला आधी पाणी पिऊ देत. खारही पाने, काटा आणि धागे घेऊन त्याच्याकडे गेली.

शिंपी शिकवायचा छान, हे कबूल केले पाहिजे. तो म्हणे, "वाळलेलं पान घ्यायचं नाही, ते मोडतं. कोवळं घ्यायचं नाही, ते आकसतं. पिकायला लागलेलं, पण अजून लवचीक असलेलं पान निवडा. भोक काठापासून ज्वारीच्या दाण्याएवढं आत पाडा. अगदी काठावर पाडलंत तर पान फाटेल."

खारीने पहिल्या दिवशी धागा इतक्या जोरात ओढला की पान गोळा होऊन त्याची वाटी झाली. फांदीवर बसलेल्या साळुंकीने मान वाकडी करून पाहिले.

"गोधडी म्हणालीस ना गं? हा तर द्रोण झाला. वरण वाढ त्यात."

"वाढते की," खार म्हणाली. "जेवायला तूच बस पहिली."

सगळे हसले आणि खारही हसली. तिने टाका उसवला, धागा सैल सोडला आणि पुन्हा घातला. आठ दिवसांत तिचा टाका सरळ येऊ लागला. जांभळाच्या बिया ठेवायला तिने एक छोटी पिशवीही शिवली.

पण शिंप्याची एक रीत होती. शिवण संपत आली की तो म्हणे, "आण इकडे. शेवटची गाठ माझी." मग तो सगळ्यांकडे पाठ करी, दोन्ही पंख पसरी आणि पंखाआड काहीतरी करून शिवलेली वस्तू परत देई. त्याने गाठ मारलेली शिवण कधी सुटत नसे. दुसऱ्या कुणी धाग्याला पीळ घालून, वेढे देऊन पाहिले तरी घायपाताचा गुळगुळीत धागा भोकातून सटकन निघून येई. आणि शिंप्याने शाळेच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावले होते, "गुरूने मारलेली गाठ उसवायची नाही. जो उसवील, त्याच्या हातातली विद्या जाईल."

भाबड्या प्राण्यांनी ते खरे मानले होते. कुणी विचारले, "गुरुजी, गाठ कधी शिकवणार?" तर तो त्याच्या हातांकडे पाही आणि म्हणे, "अजून वळण नाही आलं."

एक ससा होता. दोन वर्षांपूर्वी तो याच शाळेत शिवण शिकत होता. त्याची शिवण दर वेळी शेवटी सुटे. शिंपी सगळ्यांसमोर त्याला म्हणाला होता, "तुझे पंजे जाड आहेत रे. हे काम तुझं नाही." त्या दिवसापासून सशाने काटा हातात धरला नव्हता. तो फक्त शाळेसाठी पाने आणून देई आणि करवंदीच्या जाळीशी पंजे अंगाखाली घेऊन बसून राही.

खारीची गोधडी पुरी झाली, तेव्हा कार्तिक संपत आला होता. पळसाच्या पानांचे दोन थर, मध्ये सावरीचा कापूस आणि आडवे-उभे टाके. फक्त धाग्यांची टोके मोकळी होती. ती जपून गुंडाळून खार सकाळी कवठाखाली आली.

"गुरुजी, एवढ्या गाठी मारून द्या. वारा फिरलाय. आज उत्तरेकडून येतोय."

शिंपी चोचीने पिसे नीट करत होता. "आज जमणार नाही. मोराकडे बोलावणं आहे. चार दिवसांनी ये."

"मग मला दाखवून ठेवा. मी घरी मारीन. पिल्लं लहान आहेत, गुरुजी."

"घाईनं विद्या येत नसते, खारूताई," असे म्हणून तो उडून गेला.

खार गोधडी घेऊन परतली. तिने ती ढोलीत अलगद पसरली आणि पिल्लांना सांगितले, "यावर उड्या मारू नका, अजून कच्ची आहे." पिल्ले बिचारी तिच्याजवळ नुसती बसून राहिली. संध्याकाळी वारा सुटला. ढोलीच्या रुंद तोंडातून तो आत शिरला आणि गोधडीचा एक कोपरा फडफडला. एक धागा सुटला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळेच. पाने वेगळी झाली. उन्हाळाभर वेचलेला तो पांढरा कापूस खारीच्या डोळ्यांदेखत ढोलीबाहेर गेला आणि नदीवर पसरला. ती फांदीच्या टोकापर्यंत धावली. तिच्या हाताला काही लागले नाही.

"आई, आपली गोधडी उडाली," मधले पिल्लू म्हणाले.  धाकटे नुसते खोकत होते.

सकाळी शाळा भरली, तेव्हा खार कवठाखाली आली. तिच्या एका हातात सुटी पाने होती आणि दुसऱ्या हातात जांभळाच्या बियांची ती पिशवी. ती खाली बसली नाही.

"गुरुजी, काल माझी गोधडी सुटली. कापूस गेला. आता सावरी फुटेल ती उन्हाळ्यात."

"अरेरे," शिंपी म्हणाला. "म्हणून म्हणतो, हाताला वळण लागेपर्यंत मोठं काम घेऊ नये."

"टाका कुठे चुकला होता, दाखवा."

शिंप्याने पाने पाहिली. भोके सारखी होती आणि काठ कुठेही फाटला नव्हता. तो म्हणाला, "टाका ठीक आहे. पण गाठ ही वेगळी गोष्ट आहे. ती प्रत्येकाच्या हाताला येत नाही. सशाला विचार."

करवंदीपाशी सशाने मान खाली घातली.

मुलांनो, राग येतो तो इथे. कुणी एखादी गोष्ट शिकवली नाही, तर फार तर त्याला कंजूष म्हणावे. पण आपण होऊन लपवायचे आणि लपवलेले सापडले नाही म्हणून शोधणाऱ्याच्या हातांना नावे ठेवायची, याला काय म्हणावे?

खारीने पिशवी तोंडाजवळ नेली. तिच्यावर शिंप्याने मारलेली गाठ होती.

"अगं, उसवू नकोस," ससा कळवळून म्हणाला. "हातातली विद्या जाईल तुझ्या."

"हातात विद्या असून काल माझी पोरं थंडीत कुडकुडली," खार म्हणाली. "जाऊ दे गेली तर."

शिंप्याने पंख फडफडवले. "खारूताई, मी सांगतोय. पस्तावशील."

खारीने दातांनी गाठीभोवतीचे पान कुरतडले. धाग्याचे टोक मोकळे झाले. सगळे पुढे सरकले. साळुंकी तर फांदीवरून खालीच उतरली.

टोकाला वेढा नव्हता, पीळ नव्हता, काहीच नव्हते. धाग्याचे टोक नुसते पिंजले होते. पिंजून पिंजून त्याचे बोंड केले होते, म्हणजे फुगलेले टोक भोकातून मागे येऊ शकत नाही. बस्स, एवढेच.

"हे होय?" साळुंकी म्हणाली. "पिसं साफ करताना माझ्या चोचीत धागा आला की त्याचं रोज असंच होतं. मी थुंकून टाकते."

कुणी हसले नाही. खारीने खाली पडलेले एक पान घेतले, धागा ओवला, टोक दातांत धरून पिंजले आणि ओढून पाहिले. सुटले नाही. तिने दुसरे पान घेतले. तेही सुटले नाही. तिचे हात होते तसेच होते.

"दिसायला सोपं आहे," शिंपी घाईने म्हणाला, "पण मला ते शोधायला किती दिवस लागले, हे तुम्हाला माहीत नाही. सगळ्यांना दिलं असतं तर मला कुणी विचारलं असतं का?"

"विचारलं असतं," खार म्हणाली. "पान कसं निवडायचं ते तुम्ही सांगितलंत, भोक कुठे पाडायचं ते सांगितलंत. त्यासाठी मी जन्मभर तुम्हाला आधी पाणी पिऊ दिलं असतं. तुम्ही शोधलंत, ते तुमचं आहे. नसतं द्यायचं तर सरळ 'देत नाही' म्हणायचं होतं. मी दुसरीकडे शोधलं असतं, नाहीतर ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलं असतं. पण तुम्ही आम्हाला विद्या जाईल अशी भीती घातलीत. आमच्या हातांत खोट आहे म्हणालात."

शिंप्याने पंख मिटून घेतले.

"माझा कापूस गेला, त्याबद्दल मला तुमच्याकडून काही नको," खार पुढे म्हणाली. "पण सशाला सांगा. सगळ्यांसमोर म्हणाला होतात ना, तसंच सगळ्यांसमोर सांगा."

"जाऊ दे, खारूताई," ससा पुटपुटला. "जुनी गोष्ट झाली ती."

"जुनी असती तर तू पंजे लपवून बसला नसतास."

 मोठमोठे प्राणी ज्याला वाट देत, तो अंगठ्याएवढा पक्षी आता खरोखर अंगठ्याएवढा दिसू लागला. शेवटी तो फांदीवरून खाली उतरला आणि सशासमोर येऊन म्हणाला, "ससोबा, तुझ्या पंजांत खोट नव्हती. मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते."

सशाने अंगाखालून पंजे बाहेर काढले. उलटेसुलटे करून पाहिले.

"दोन हिवाळे," तो म्हणाला, "दोन हिवाळे मी यांना नावं ठेवली."

 खारीने त्याच्यासमोर एक धागा धरला. सशाने टोक दातांत घेतले आणि डोळे मिटून उघडायच्या आत ते पिंजून त्याचे असे टपोरे बोंड केले की साळुंकी म्हणाली, "गुरुजी, तुमच्या चोचीपेक्षा हे दात बरे निघाले."

 शिंप्याने मान हलवली, आणि ती होकारार्थी हलवली, एवढे खरे.

मग कामाला सुरुवात झाली. सावरीचा कापूस आता मिळणार नव्हता. साळुंकीने आपल्या घरट्यातली गळलेली पिसे आणली. कुणी गवताचे मऊ तुरे आणले. सशाने स्वतःच्या अंगावरचे झडलेले केस गोळा करून आणले. ते सावरीइतके पांढरेशुभ्र नव्हते. पाहायला गोधडी जरा गबाळीच झाली, एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला चपटी. पण पाने पुन्हा जोडली गेली, आणि या वेळी पहिला टाका घालायच्या आधीच खारीने सगळ्यांना गाठ शिकवली. जो येईल त्याला ती आधी गाठ दाखवी आणि मग पान कसे निवडायचे ते सांगे. शिंपीही तिथेच होता. कुणाचे भोक काठाच्या फार जवळ पडले की तो हळूच सांगे, "जरा आत घे." सगळे ऐकत आणि आत घेत.

दिवस मावळायच्या आत गोधडी ढोलीत गेली. वारा कालच्यासारखाच सुटला होता आणि ढोलीचे तोंड कालच्याइतकेच रुंद होते. धाकटे पिल्लू गोधडीखाली शिरले. काल गोधडी उडाल्याचा त्याला चांगलाच धाक बसला होता. म्हणून त्याने आधी धाग्याचे एक टोक दोन्ही हातांनी धरले आणि जोर लावून ओढले. मग दातांनी ओढले. मग पाय ढोलीला टेकवून ओढले.

"आई," ते म्हणाले, "सुटत नाही."

ती सशाने मारलेली गाठ होती.

तात्पर्य : जो मुख्य गोष्ट लपवतो आणि वर शिकणाऱ्याच्याच हातांना दोष देतो, त्याला गुरू म्हणू नये, आणि कुणी आपल्या हातांना नावे ठेवली, तर हात लपवण्याआधी त्याने आपल्यापासून काय लपवले आहे ते पाहावे.