अंकुशच्या गुडघ्याची पक्की बातमी

मंडळी, एक विचारतो. मैदानात काय झालं ते तुम्ही कोणाचं खरं मानाल? जो तिथं होता त्याचं, की ज्यानं सगळ्यांच्या आधी सांगितलं त्याचं? मी आपला भुसार मालाचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. कुणी तूर चांगली म्हणालं, की मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो. वरवरची तूर सगळ्यांचीच चांगली असते. असो. गोष्ट ऐका.

एका गावात एक भोळा बातमीदार होता. नाव मुरलीधर, पण सगळे मुरल्या म्हणायचे. गाव बोरखेड. तिथला कबड्डीचा संघ म्हणजे मुरल्याचा जीव की प्राण. संघातला अंकुश त्याचा लंगोटीयार. चढाईला गेला की दोन गडी मारूनच परतायचा. यंदा त्याची जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची होती. त्यासाठी त्याच्या आईनं महिनाभर गोड सोडलं होतं.

मुरल्या फोनवरून 'मैदानगर्जना' नावाच्या साइटला बातम्या धाडायचा. पगार नाही, पण बातमीखाली नाव आणि फोटो यायचा. मालक चिटणीस साहेब शहरात बसायचे. त्यांच्या अशा तीस साइटी. एकीवर राशिभविष्य, एकीवर वांग्याच्या भाज्या, एकीवर खेळ. कबड्डी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

साहेब म्हणाले, "मुरलीधर, जो पहिला देतो त्याचंच लोक वाचतात. सगळ्यांच्या आधी दे."

"बरं साहेब."

रविवारी चारला सामना होता. मुरल्यानं दोनलाच बातमी दिली. बोरखेड दहा गुणांनी विजयी. त्याच्या आधी कुणीच दिली नाही, हे मात्र खरं. बोरखेड सहा गुणांनी हरलं.

साहेबांचा फोन आला. "अरे शहाण्या, डोळ्यांनी बघावं, मग लिहावं. दिसलं तेवढंच लिहायचं."

"बरं साहेब."

पुढच्या सामन्याला मुरल्या वेळेवर जाऊन बसला. पुढ्यात सरपंच बसले, डोक्याला हा एवढा पिवळा फेटा. जागा बदलायचं साहेबांनी सांगितलं नव्हतं. मुरल्यानं लिहिलं : 'फेटा पिवळा होता. तो चौदा वेळा हलला. शेवटी आरडाओरडा झाला आणि फेटा घरी गेला.'

साहेब म्हणाले, "दिसत नसेल तर लोकांना विचारावं की रे. दोघांनी एकच सांगितलं की बातमी पक्की."

"बरं साहेब."

आठवड्यानं अंकुश लंगडताना दिसला. नवी चप्पल चावली होती त्याला. मुरल्या त्यालाच विचारणार होता. पण अंकुश एकटा होता, आणि साहेबांनी दोघं सांगितले होते. म्हणून तो सलूनवाल्या बबनकडे गेला.

"बबनदादा, अंकुशचा गुडघा गेला का हो?"

"गेला का? मला नाही बाबा ठाऊक."

तासाभरानं चहावाला काशिनाथ दाढीला बसला. बबन त्याला म्हणाला, "अंकुशचा गुडघा गेला म्हणतात." दुपारी मुरल्या चहाला गेला, तर काशिनाथनं त्यालाच बातमी दिली. मुरल्या धावत बबनकडे.

"बबनदादा, गुडघा गेला म्हणे."

"अरे, मी सकाळपासून तेच ऐकतोय."

दोन झाले. बातमी पक्की. 'अंकुशचा गुडघा निकामी, बोरखेडवर शोककळा.' तीस हजार लोकांनी वाचली. राशिभविष्याच्या साइटवरही कन्या राशीला गुडघे जपायला सांगितलं.

अंकुश धापा टाकत आला. "मुरल्या, हे बघ, उठाबशा काढून दाखवतो. चार दिवसांवर निवड आहे रे. काढ ती बातमी."

मुरल्यानं फोन लावला. "साहेब, गुडघा चांगला आहे."

"वाचक आलेत तीस हजार. बातमी हलणार नाही. बातमी आणि गुडघा यांचा मेळ बसव, काय करायचं ते कर."

"बरं साहेब."

मुरल्यानं तीन दिवस विचार केला. बातमी हलणार नव्हती. म्हणजे राहिला गुडघा.

निवडीच्या आदल्या दुपारी अंकुश जेवून ओसरीवरच्या बाजेवर आडवा झाला. मुरल्या नामा कुंभाराच्या गणपतीच्या कारखान्यात गेला.

"नामाकाका, थोडं प्लास्टर द्या. गुडघ्याला हवंय."

"कुठल्या मूर्तीच्या?"

"अंकुशच्या."

नामाकाकांना अजून दीडशे गणपती रंगवायचे होते. त्यांचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. घमेलंभर दिलं. अंकुशची झोप त्याच्या चढाईइतकीच पक्की. मुरल्यानं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या भिजवून मांडीपासून घोट्यापर्यंत पाय लिंपला. वरून ओला हात फिरवून गुळगुळीतही केला.

तेवढ्यात दारात दाभाडे सर. जिल्ह्याचा संघ तेच निवडायचे. "इंटरनेटवरच्या बातम्या मी मानत नाही," ते म्हणाले. "दोन एसट्या बदलून स्वतः बघायला आलोय."

अंकुश दचकून उठला आणि बाजेवरून खाली आला. सरांनी पेनानं पाय वाजवून पाहिला. टक टक.

"सर, मला काही झालेलं नाही."

"खेळाडू असंच म्हणतात बाळा."

आई म्हणाली, "अहो सर, सकाळी त्यानंच विहिरीचं पाणी भरलं."

"आईची माया, दुसरं काय." सरांनी यादी काढली आणि अंकुशच्या नावावर काट मारली. मग मुरल्याकडे वळले. "बातमी तुम्हीच दिली होती ना? कधी?"

"चार दिवस झाले."

"आणि प्लास्टर कधी घातलं?"

"आत्ताच."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे डॉक्टरच्या चार दिवस आधी कळलं तुम्हाला. कमाल आहे. पुढच्या वर्षीपासून संघ तुमच्या साइटवरूनच निवडतो. एसटीचे हेलपाटे वाचतील."

"बरं सर," मुरल्या म्हणाला.

प्लास्टर संध्याकाळी नामाकाकांनी फोडून काढलं. आत गुडघा ठणठणीत होता. यादी तोवर जिल्ह्याला पोचली होती.

तर मंडळी, एक मागणं आहे. कधी तुम्हाला मैदानाच्या कडेला गुणांची वही धरायला बसवलं, तर हिशोब चोख ठेवा. आपला गडी बाद झाला तर बादच लिहा. आणि जे दिसलं नाही, त्याची जागा कोरी सोडा.